वाचनालयातला न सापडणारा बिघाड

सगळी वस्ती त्या वायरमनला कानसेन म्हणायची. पस्तीस वर्षं तो बिघाड कानानेच शोधत आला होता. पाण्याच्या मोटारीशेजारी दोन मिनिटं उभा राहायचा आणि हात न लावता सांगायचा, "बेअरिंग गेलंय." ट्यूब गुणगुणायला लागली की चोक खराब झालाय की पट्टी सैल झालीय, हे त्याला शिडीवर चढायच्या आधीच कळलेलं असायचं. टेस्टर खिशाला असायचा, पण त्याने तो पाठच जास्त खाजवायचा. वय एकोणसाठ, चष्मा जाड, आणि कानांचा अभिमान भलताच.

त्याला वाचनालयातून फोन आला तो उन्हाळा संपत आला तेव्हा. ग्रंथपालबाई तिशीतल्या, शिस्तीच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या.

"काका, वाचनकक्षात काहीतरी किरकिरतंय. दुपारी चारनंतर सुरू होतं ते आम्ही वाचनालय बंद करेपर्यंत चालू. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं उठून जायला लागलीत. म्हातारे वाचक तेवढे निवांत बसलेले असतात."

"येतो," वायरमन म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे."

तो साडेचारला पोचला. लांबट खोली, सहा टेबलं, भिंतीला लोखंडी कपाटं आणि पश्चिमेला मोठी काचेची खिडकी. खिडकीशी कुंड्यांची रांग. ग्रंथपालबाईंनी बोट वर केलं.

"हे बघा. आत्ता वाजतंय."

वायरमनने डोळे मिटले. घड्याळाची टिकटिक ऐकू आली. कोणीतरी पान उलटलं. बाहेर सायकलची घंटी वाजली. किरकिर म्हणावं असं काहीच नव्हतं.

"ऐकू येतंय ना?"

इथेच त्याने 'नाही' म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पस्तीस वर्षांची सवय आडवी आली. "हं," तो म्हणाला. "येतंय की. कुठून येतंय, तुमचा काय अंदाज?"

"खिडकीच्या बाजूने. आणि एक गंमत आहे, एसी लावला की ते मंदावतं. उकडत असलं की जोरात."

एवढा धागा पुरे होता. त्याने शिडी ओढत खिडकीशी नेली, वर चढला, पहिल्या ट्यूबला हात घातला.

"थांबलं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"चोक होता," वायरमन गंभीरपणे म्हणाला आणि नवा चोक बसवून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा फोन. मग त्याने एसीचा स्टॅबिलायझर बदलला. तो बदलायला कपाट सरकवलं तेव्हा आवाज थांबला, आणि तासाभराने परत आला. तिसऱ्या खेपेला त्याने खिडकीकडच्या सगळ्या ट्यूब उतरवून टेबलावर ओळीने मांडल्या. वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका आजोबांनी चष्म्यावरून विचारलं, "नेमकं काय दुरुस्त करताय?"

"आवाज."

"कसला?"

"हा काय, किरकिरतोय तो."

"मला तर काही ऐकू येत नाही बुवा," आजोबा म्हणाले आणि शांतपणे पान उलटून पुढचं वाचायला लागले.

वायरमनने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग तो एकेक ट्यूब परत चढवायला लागला.

चौथ्या दिवशी त्याने शेवटचा उपाय केला. सरळ जिन्याखाली गेला आणि मेन स्विच खाली ओढला. पंखे फिरत फिरत थांबले. सगळ्या इमारतीत विजेचा टिपूस उरला नाही. तो परत आला तेव्हा ग्रंथपालबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या.

"अजून वाजतंय," त्या म्हणाल्या.

वायरमन दारातच उभा राहिला. करंट नाही आणि बिघाड मात्र चालू. म्हणजे तो विजेचा बिघाड नव्हताच. आणि दुसरी गोष्ट, जी त्याला चार दिवस माहीत होती, ती आता लपवायला जागा उरली नव्हती.

"उद्या येतो," एवढंच म्हणून त्याने पिशवी उचलली.

घरी तो जेवताना एक शब्द बोलला नाही. बायकोने दोनदा वाढलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. ती गेल्याच वर्षी निवृत्त झाली होती. बस डेपोच्या चौकशी खिडकीमागे तिने तीस वर्षं काढली होती, त्यामुळे न बोलणाऱ्या माणसाकडून माहिती काढणं तिला चांगलं जमायचं.

"अहो, कोणी काही बोललं का?"

"नाही."

"मग कोणी काही बोललं आणि तुम्हाला ऐकू आलं नाही, असं झालं का?"

त्याचा घास हातातच राहिला. मग त्याने सगळं सांगून टाकलं. चोक, स्टॅबिलायझर, टेबलावर मांडलेल्या ट्यूब. बायको आधी हसली, मग त्याचा चेहरा बघून थांबली. त्यांची मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, ती नुकतीच घरी आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

"यात एक सूर वाजवते. ऐकू आला की हात वर करा. दोघांनीही."

पहिल्या सुराला दोघांचे हात वर गेले. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला बायकोने जरा विचार करून हात वर केला. मग बराच वेळ काहीच झालं नाही.

"लाव ना पुढचा," वायरमन म्हणाला.

मुलीने दोन्ही कानांवर हात दाबले होते. "लावलाय," ती ओरडून म्हणाली. "केव्हाचा."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"वय झालं की वरचे सूर आधी जातात, बाबा. सगळ्यांचेच. बोलणं नीट ऐकू येतं ना? मग काळजीचं काही नाही."

वायरमन मान खाली घालून बसला. बायकोने त्याच्या ताटात भात वाढला. "दोघांचे बरोबर गेले ते बरं झालं," ती म्हणाली. "एकाचेच गेले असते तर दुसऱ्याने आयुष्यभर ऐकवलं असतं."

दुसऱ्या दिवशी तो मुलीला घेऊन वाचनालयात गेला आणि आधी ग्रंथपालबाईंसमोर उभा राहिला.

"मॅडम, खरं सांगतो. तो आवाज मला एकदाही ऐकू आलेला नाही."

"मग स्टॅबिलायझर का बदललात?"

"तुम्ही म्हणालात एसीने फरक पडतो, म्हणून."

ग्रंथपालबाईंनी ओठ घट्ट मिटले. ते रागाने नव्हे हे त्यांच्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळलं. वाचनालयात त्या मोठ्याने हसल्या ते बहुधा त्याच दिवशी पहिल्यांदा.

मुलीने चपला काढल्या. आवाज चालू असला की ती दोन पावलं पुढे जायची, थांबला की तिथेच पुतळ्यासारखी. असं करत करत ती कुंड्यांपर्यंत पोचली आणि तिसऱ्या कुंडीपाशी वाकली. रुंद पानांचं झाड होतं. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग तिने हाताने खूण केली.

जे पान वाटत होतं ते पान नव्हतं. पाठीवर पानाच्या शिरांसारख्या शिरा, रंग तसाच हिरवा, आणि अंगाच्या दुप्पट लांब, केसासारख्या बारीक दोन मिशा हवेत सावकाश हलत होत्या.

"नाकतोडा," ग्रंथपालबाई दोन पावलं मागे सरकून म्हणाल्या. "बाहेर टाका त्याला."

"थांबा, मॅडम."

मुलीने दुकानातून आणलेलं भिंग वायरमनच्या हातात दिलं. तो गुडघ्यांवर बसला. किड्याने पुढचे पंख किंचित उचलले आणि ते एकमेकांवर इतक्या वेगाने घासायला लागला की ते नुसते धूसर दिसत होते. मागे मुलगी म्हणाली, "वाजतंय." पंख थांबले. मुलगी म्हणाली, "थांबलं." पुन्हा पंख धूसर झाले, पुन्हा ती म्हणाली, "वाजतंय."

वायरमनला काही ऐकू येत नव्हतं. पण त्याला दिसत होतं. ना तार, ना बॅटरी, ना कुठे जोड, आणि बोटाएवढा जीव अख्खा वाचनकक्ष भरून टाकत होता. चार दिवस आपण शिडीवर चढून याच्याच डोक्यावर खुडबुड करत होतो, म्हणून हा बिचारा गप्प बसत होता, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला पहिल्यांदाच मनापासून हसू आलं.

वर्तमानपत्रवाले आजोबाही येऊन वाकले होते. "महाविद्यालयात एक किड्यांच्या बाई आहेत," ते म्हणाले. "त्यांना बोलवा. त्या रागावत नाहीत, उलट पळत येतात."

किड्यांच्या बाई खरोखरच दुसऱ्या दिवशी पळत आल्या. चाळिशीतल्या प्राध्यापक, खांद्याला पिशवी, गुडघ्यांना चिखल. कुंडीपाशी बसून त्यांनी आधी किड्याला मान लववली आणि मग माणसांना.

"याचा तोंडावळा नाकतोड्याचा, पण घराणं रातकिड्याचं," त्या म्हणाल्या. "मिशा बघा, नाकतोड्याच्या आखूड असतात. आणि याचे कान कुठे आहेत, सांगा."

वायरमनने डोक्याकडे भिंग नेलं.

"तिथे नाही. पुढच्या पायावर, गुडघ्याच्या जरा खाली. ती बारीक फट दिसते?"

दिसली. वायरमनने एकदा त्या फटीकडे आणि एकदा स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"आणि एसी लावला की मंदावतो तो का?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"थंडी वाजते. यांचं अंग हवेइतकंच गरम असतं. ऊन असलं की पंख चपळ चालतात, गारठा असला की सावकाश."

वायरमनने स्टॅबिलायझरकडे बघणं टाळलं.

मग बाईंनी पिशवीतून साबणाच्या वडीएवढी काळी पेटी काढली. वटवाघळांचे आवाज ऐकायला ती वापरतात, त्या म्हणाल्या. माणसाच्या कानाला न पेलणारा उंच आवाज ती खाली उतरवून ऐकवते. त्यांनी चकती फिरवली आणि पेटी वायरमनच्या हातात दिली.

आधी नुसती खरखर आली. बाई म्हणाल्या, "हळूहळू फिरवा." त्याने रेडिओचं स्टेशन लावावं तशी चकती केसभर सरकवली.

आणि आवाज आला. कोरडा, खणखणीत, ठेक्यात. पत्र्याच्या डब्यात मूठभर वाळू घालून कोणीतरी ती मजेत हलवत होतं. चिरिक, चिरिक, चिरिक, मग छोटा श्वास, आणि पुन्हा चिरिक, चिरिक. भिंगातून पंख धूसर होताना दिसत होते आणि त्याच क्षणाला हातातली पेटी वाजत होती. वायरमन किती वेळ तसा बसला कोण जाणे. मुलीने हाक मारली तेव्हा त्याने मान वर केली. चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या.

"बेअरिंग चांगलं आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात आजोबांनी हात पुढे केला. "मला द्या की. एवढे दिवस माझ्या शेजारी बसून गातोय, आणि मला पत्ता नाही."

वाचनकक्षातले सगळे म्हातारे उठून आले. रांग लागली. ग्रंथपालबाईंनी 'शांतता राखा' असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

जाताना वायरमनने किड्यांच्या बाईंना विचारलं, "हा गातो कशासाठी?"

"मादीला बोलावतो. ती त्या गुडघ्यावरच्या कानांनी ऐकते आणि चालत येते. पण ही खिडकी कायम बंद असते. काचेतून आवाज बाहेर जाणार कसा?"

"म्हणजे लाइनच तुटलीय."

"तसं म्हणा."

"मग जोडून देऊ," वायरमन म्हणाला. हे काम त्याला कळत होतं.

त्याने कुंडी बाहेर, रुंद सज्ज्यावर ठेवली. खाली हाताच्या अंतरावर कुंपणाची दाट झुडपं होती. झुडपापासून कुंडीपर्यंत त्याने एक लांब फांदी तारेने पक्की बांधली, दोनदा ओढून पाहिली, आणि कामगाराच्या समाधानाने हात झटकले. पेटी बाईंनी त्याच्याकडेच राहू दिली. "माझ्याकडे दुसरी आहे," त्या म्हणाल्या.

पाच दिवस काहीच घडलं नाही. हिरवा गडी मात्र रोज चारला कामावर हजर. सहाव्या दिवशी वायरमनची बायको आली. नवरा रोज संध्याकाळी कुठे जातो हे तिला बघायचं होतं. किड्यांचं तिला वावडं होतं, त्यामुळे नवऱ्याने खिडकी फटभर उघडल्यावर ती लांब खुर्चीवर बसली आणि पेटी मांडीवर घेतली. वायरमन चहा आणायला गेला.

तो परत आला तेव्हा बायको खिडकीला नाक लावून उभी होती.

"अहो, ठेका बदललाय. घाई करतोय. आणि फांदीवर बघा, कोणीतरी तलवार घेऊन आलंय."

फांदीवरून एक हिरवी मादी अगदी सावकाश चालत येत होती. दर दोन पावलांनी थांबायची, पुढचा एक पाय उचलून धरायची, मग पुढे. तिच्या पाठीमागे विळ्यासारखं वाकडं पातं होतं. ग्रंथपालबाईंनी धावत जाऊन फोन केला. किड्यांच्या बाई पंधरा मिनिटांत आल्या.

"तलवार नव्हे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "अंडी घालायचं साधन आहे ते. पानाच्या कडेत नाहीतर सालीत खुपसते."

नराचं गाणं थांबलं. मिशांना मिशा लागल्या. पुढचा सगळा वेळ आजोबांसकट पाच जण एका खिडकीशी श्वास रोखून उभे होते. दोघं वेगळी झाली तेव्हा मादीच्या अंगाला पांढरा, चकचकीत गोळा चिकटलेला होता. तिने अंग वाकवलं आणि तो खायला लागली.

"हे काय?" ग्रंथपालबाईंनी हळूच विचारलं.

"त्याने दिलेली भेट. पौष्टिक खाऊ. त्याच्या वजनाच्या मानाने केवढी मोठी आहे बघा. आता दोनचार दिवस तो थकलेला असेल, गाणार नाही."

वायरमनची बायको नवऱ्याकडे वळली. "यांनी मला लग्नात टेबलफॅन दिला होता," तिने सगळ्यांना सांगितलं. "स्वतः दुरुस्त केलेला."

"अजून चालतो," वायरमन म्हणाला.

मादी दोन दिवस तिथेच राहिली. कुंडीतल्या झाडाच्या पानांच्या कडेत तिने अंडी घातली, चपटी, तिळाएवढी. ती पुढच्या वर्षी फुटतील, कदाचित त्याच्याही पुढच्या, असं बाई म्हणाल्या. ग्रंथपालबाईंनी कुंडीवर पुस्तकाला लावतात तशी चिठ्ठी चिकटवली: 'बाहेर नेण्यास मनाई.'

आता खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण वायरमनच्या बायकोने पेटी सोडली नाही. रोज संध्याकाळी ती चपला घालायची आणि निघायची. नाल्याच्या काठचं गवत, शाळेचं कुंपण, दवाखान्यामागची पडीक जागा. सुरुवातीला वायरमन तिच्यामागे जायचा, पुढे तोच म्हणायला लागला, "अगं, जरा हळू चाल."

ज्या रस्त्यांवर त्याने पस्तीस वर्षं तारा ओढल्या होत्या तिथे दर दहा पावलांवर कोणीतरी गात होतं. एकाचा सूर सुईसारखा, एकाचा शिवणयंत्रासारखा, एकजण तीनदा टिचकी मारून गप्प बसणारा. बायको वहीत लिहून ठेवायची. नावं तिची स्वतःची: 'शिंपी', 'टिचकीवाला', 'सर्दी झालेला'. किड्यांच्या बाई दर आठवड्याला वही बघायच्या आणि प्रत्येकासमोर त्याचं शास्त्रीय नाव लिहायच्या. आठ झाले, नऊ झाले. आणि हिला वावडं होतं म्हणे. आता ती गवतात हात घालून किडा ओंजळीत धरायची आणि नवऱ्याला त्याचे गुडघे दाखवायची.

दहावा मात्र बाईंना ओळखता येईना.

"हा कुठे ऐकलात?"

"बस डेपोच्या मागे, भिंतीलगत. उंच गवत आहे तिथे. सुरू झाला की थांबतच नाही, लांबच लांब, आणि मध्येच जणू गिअर बदलतो."

बाईंनी वही खाली ठेवली. त्यांचा चेहरा एकदम निराळा झाला. "गिअर बदलतो? नक्की?"

"तीस वर्षं डेपोत होते मी. गिअर मला कळतो."

त्याच दिवशी सहाच्या सुमाराला सगळे डेपोमागे गेले. बाई, वायरमन, बायको, कामावरून आलेली मुलगी, आणि वाचनालय अर्धा तास आधी बंद करून ग्रंथपालबाई. पण डेपोत सात बस इंजिनं चालू ठेवून उभ्या होत्या, आणि पेटीतून नुसती घरघर येत होती.

वायरमनची बायको तरातरा गेली. ड्रायव्हरांशी ती काय बोलली कोणाला ऐकू आलं नाही, पण एकेक इंजिन बंद होत गेलं. सातवं बंद झालं तेव्हा डेपोवर अशी शांतता पसरली, की प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून बघायला लागले.

वायरमनने पेटीला खिशातला छोटा स्पीकर जोडला आणि चकती फिरवली.

लांब, एकसलग झंकार सुरू झाला. मग क्षणभर अडखळून तोच खालच्या सुरात, रेंगाळत. मग पुन्हा वर.

किड्यांच्या बाई त्या गवतात सरळ गुडघ्यांवर बसल्या. "माझ्या शिक्षकांनी याचा आवाज मला तोंडाने काढून दाखवला होता," त्या म्हणाल्या. "त्यांनी तरुणपणी ऐकला होता. त्यानंतर इकडे कोणाला सापडला नाही. सगळे धरूनच चालले होते की संपला."

"संपला कुठे," वायरमनची बायको म्हणाली. "डेपोमागे राहायला आलाय."

बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. गवत कापायचं नाही असं डेपोच्या साहेबांशी बोलायला हवं, असं त्या म्हणत होत्या, तेवढ्यात सगळ्यांत जवळच्या बसमधल्या एका आजींनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"काय ऐकताय हो? आम्हालाही ऐकू द्या."

वायरमनने आवाज वाढवला आणि पेटी वर दिली. ती बसमध्ये या हातातून त्या हातात फिरली, मागच्या दाराने खाली आली, दुसऱ्या बसमध्ये चढली. ड्रायव्हर खाली उतरून भिंतीशी उभे राहिले. एकजण म्हणाला हा तिसऱ्या गिअरमध्ये आहे, दुसरा म्हणाला चौथ्या, आणि त्यावर वाद सुरू झाला.

साडेसहाची बस सात मिनिटं उशिरा सुटली. तक्रार कोणीच केली नाही.